फलकावरची सूचना

आज बचतीचा हिशोब नाही आणि कर्जवाटपही नाही. आज कॉलेजमधल्या सूचना फलकाबद्दल बोलायचं आहे. कॉलेजात शिरलं की भिंतीवर एक फळा किंवा काचेची पेटी दिसते. तिच्यात कागद टाचलेले असतात. प्रवेश कधी, स्कॉलरशिपचा फॉर्म कधी, परीक्षेचा फॉर्म कधी, हे सगळं तिथं लिहिलेलं असतं.

मी बीएच्या दुसऱ्या वर्षाला होते. सोयाबीन काढणीला आली आणि मजूर मिळेनात, म्हणून दोन आठवडे घरीच राहिले. परत गेले तर परीक्षेचा फॉर्म भरायची तारीख गेलेली, दंडासहित भरायचीही गेलेली. कागद फलकावर होता, पण वाचायला मी तिथं नव्हते आणि गावात कुणाला पत्ता नव्हता. वर्ष गेलं. पोरीचं वर्ष गेलं की घरात पहिली गोष्ट निघते ती स्थळाची. माझीही निघाली. आई एवढंच म्हणाली, "पेपर होऊ द्या, मग बघू." तेवढ्या आधारावर मी पदवीधर झाले.

तेव्हापासून एक प्रश्न मनात आहे. कॉलेज आपल्या दारापासून नेमकं किती लांब असतं? याचं उत्तर शोधायला थोडं मागं जावं लागतं.

आपला परभणी जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. संस्थानाचं उस्मानिया विद्यापीठ १९१८ मध्ये सुरू झालं. शिकवणं उर्दूतून. औरंगाबादला १९२३ पासून सरकारी कॉलेज होतं, पण तिथलं शिक्षण इंटरपर्यंतच. पदवी घ्यायची तर हैदराबाद गाठायचं, म्हणजे परभणीहून तीनशेपेक्षा जास्त किलोमीटर. थोर विचारवंत नरहर कुरुंदकर गुरुजी कुरुंद्याचे. ते गाव तेव्हा आपल्याच जिल्ह्यात होतं, आता हिंगोलीत आहे. गुरुजी हैदराबादला शिकायला गेले, कारण त्यांचे मामा डॉ. नांदापूरकर तिथं मराठीचे प्राध्यापक होते. शिकायला हैदराबादेत मामा असावा लागत होता. आणि मामा असला तरी त्या काळी भाचीला कोण धाडणार होतं?

१७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान भारतात आलं आणि दोन वर्षांत चित्र पालटायला लागलं. १९५० मध्ये बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं औरंगाबादला कॉलेज काढलं, तेच पुढं मिलिंद महाविद्यालय झालं. त्याच वर्षी नांदेडला स्वामी रामानंद तीर्थांच्या पुढाकारानं पीपल्स कॉलेज उभं राहिलं. कुरुंदकर गुरुजी पुढं त्याच कॉलेजचे प्राचार्य झाले. तीनशे किलोमीटरवरचं कॉलेज साठेक किलोमीटरवर आलं. सकाळच्या गाडीनं जाऊन रात्री परत येण्याजोगं अंतर झालं.

२३ ऑगस्ट १९५८ ला औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ सुरू झालं. उद्घाटनाला पंडित नेहरू आले होते. परभणीत १९५६ ला कृषी महाविद्यालय आणि १९७२ ला कृषी विद्यापीठ आलं. पुढं कला शाखेची कॉलेजं परभणीत निघाली. सेलू, जिंतूर, मानवत, पूर्णा आणि जनाबाईंचं गंगाखेड इथंही निघाली. १७ सप्टेंबर १९९४ ला नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ झालं आणि आपली कॉलेजं त्याला जोडली गेली. मार्कशीटची चूक दुरुस्त करायला संभाजीनगरची खेप टळली.

म्हणजे एका आयुष्याच्या आत कॉलेज हैदराबादहून तालुक्याला आलं. ज्या आजीच्या माहेरी पोरीनं चौथीनंतर शाळा सोडली, तिची नात आज एसटीचा सवलतीचा पास काढून बीएला जाते. पण तालुक्याच्या स्टँडपासून आपल्या उंबऱ्यापर्यंतचं शेवटचं अंतर अजून राहिलंय. ते रस्त्याचं अंतर नाही, बातमीचं आहे.

अर्धवट बातमीनं काय होतं तेही बघा. २०२४ मध्ये सरकारनं आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ केली. गावात बातमी आली, "पोरींना कॉलेज फुकट." कोणत्या कोर्सला आणि कोणत्या कागदांवर, हे मात्र फलकावरच राहिलं.

दुसरी बातमी तर आपल्यासाठी त्याहून मोठी आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार आता बीए, बीकॉम, बीएस्सीची रचना बदलली आहे. एक वर्ष पूर्ण करून थांबलं तर प्रमाणपत्र, दोन वर्षांनी पदविका, तीन वर्षांनी पदवी आणि चौथं वर्ष केलं तर ऑनर्स. मधे थांबणाऱ्यांना त्यासाठी थोडं जादा शिक्षणही पूर्ण करावं लागतं. शिकलेल्या विषयांचे श्रेयांक मुलीच्या नावावर जमा होतात. आपल्या गटाच्या पासबुकात बचत जमा होते, तसंच समजा. पूर्वी पहिल्या वर्षानंतर लग्न झालं की शिकलेलं पाण्यात जायचं. आता ते नावावर राहतं आणि ठरलेल्या मुदतीत पुढं शिकता येतं. मुदत किती आणि अटी कोणत्या, हे कॉलेजच्या ऑफिसात विचारून घ्यायचं. पण विचारायचं असतं हेच माहीत नसेल तर?

म्हणून गटांना तीन कामं सुचवते.

एक, महिन्याच्या बैठकीत कर्जपरतफेडीनंतर पाच मिनिटं कॉलेजसाठी ठेवा. गावातली जी मुलगी कॉलेजात जाते तिनं फलकाचा फोटो काढून आणावा आणि बैठकीत मोठ्यानं वाचावा. फक्त आपल्या पोरीपुरतं नाही, सगळ्यांसाठी.

दोन, सचिवांनी तारखा इतिवृत्तात लिहाव्यात. बारावीच्या निकालानंतरचा प्रवेश, स्कॉलरशिपचा फॉर्म, परीक्षेचा फॉर्म. उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला निकालाआधीच काढून ठेवावा. निकालानंतर सेतू केंद्रावर रांग लागते.

तीन, राष्ट्रीय सेवा योजनेचं सात दिवसांचं शिबिर एखाद्या गावात भरतं. ही योजना १९६९ पासून चालू आहे. मुलं नाल्या साफ करतात, झाडं लावतात, आपण कौतुक करून घरी जातो. यंदा तुमच्या गावात शिबिर आलं तर प्राध्यापकांना गटाच्या बैठकीला बोलवा आणि चहा देऊन प्रश्न विचारा. कॉलेज आपणहून गावात आलेलं असतं, ती संधी सोडू नका.

आणि ज्या बायांचं स्वतःचं शिक्षण राहिलंय, त्यांच्यासाठीही दार आहे. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून घर-शेत सांभाळणाऱ्यांना बीए करू देतं. त्याचीही सूचना कुठल्यातरी फलकावर लागलेलीच असते.

माझं एक वर्ष एका कागदापायी गेलं. आई होती म्हणून निभावलं. प्रत्येक पोरीची आई त्या वेळी तसं बोलू शकेलच असं नाही. पण तिच्या पाठीशी दहा-बारा जणींचा गट उभा राहिला, तर बोलायला बळ येतं. पुढच्या बैठकीला फलकाचा फोटो घेऊन या. भेटू.