जमैकातील बांधकाम-नियम आणि बांधणाऱ्याची जबाबदारी : एक ऐतिहासिक अभ्यास (१६९२ ते २०२५)

प्रस्तावना

कॅरिबियन समुद्रातील जमैका या बेटाला दोन नैसर्गिक संकटांचा सतत सामना करावा लागतो. हे बेट उत्तर अमेरिकी व कॅरिबियन भूपट्टांच्या सीमेजवळ असल्यामुळे तेथे भूकंप होतात. शिवाय दरवर्षी जून ते नोव्हेंबर या काळात अटलांटिक महासागरात निर्माण होणाऱ्या चक्रीवादळांच्या मार्गात ते येते. घर बांधणाऱ्याकडून या दोन संकटांच्या अपेक्षा परस्परविरोधी आहेत. वाऱ्याला तोंड देण्यासाठी छप्पर जड किंवा घट्ट जखडलेले असावे लागते, तर भूकंपात हलके आणि सांध्यांत बांधलेले घर टिकते. म्हणून एका संकटापासून धडा घेऊन केलेली बांधणी दुसऱ्या संकटात घातक ठरू शकते.

या पार्श्वभूमीवर जमैकातील बांधकाम-नियमांची वाटचाल कशी झाली आणि तीत प्रत्यक्ष बांधणाऱ्या माणसाला, म्हणजे कंत्राटदार, गवंडी व सुतार यांना कोणते स्थान मिळाले, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. लेखाची मांडणी वर्णनात्मक व विश्लेषणात्मक असून ती दुय्यम साधनांवर आधारलेली आहे. सुरक्षित बांधणीचे ज्ञान या बेटावर पूर्वीपासून उपलब्ध होते. परंतु ते ज्ञान अमलात आणण्याची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न कायद्याने फार उशिरा विचारला, असे येथे प्रतिपादन केले आहे.

पोर्ट रॉयलचा विनाश

१६५५ मध्ये इंग्रजांनी हे बेट स्पेनकडून जिंकून घेतले. १६८७ ते १६८९ या काळात येथे वास्तव्य करणारे अँग्लो-आयरिश वैद्य व निसर्गअभ्यासक हॅन्स स्लोन यांनी स्पॅनिश वसाहतकारांच्या घरांची नोंद केली आहे. ही घरे एकमजली व बसकी असत आणि त्यांचे खांब जमिनीत खोल रोवलेले असत. भूकंपाचे भय हे या पद्धतीचे कारण असल्याचे स्लोन नमूद करतात. इंग्रज व्यापाऱ्यांनी मात्र पोर्ट रॉयल या बंदरात लंडनच्या धर्तीवर विटांची उंच घरे उभारली. त्या घरांखालची जमीन म्हणजे समुद्रात शिरलेली वाळूची चिंचोळी पट्टी होती.

७ जून १६९२ रोजी दुपारपूर्वी झालेल्या भूकंपात ही वाळू पाण्यासारखी प्रवाही झाली आणि शहराचा सुमारे दोन-तृतीयांश भाग समुद्रात गेला. सुमारे २,००० माणसे तत्काळ मृत्युमुखी पडली. त्यानंतर पसरलेल्या रोगराईने आणखी बळी घेतले. वाचलेल्या लोकांनी खाडीच्या पलीकडे किंग्स्टन शहर वसवले. येथे लक्षात घेण्यासारखी बाब अशी की, आधीच्या रहिवाशांचे बांधणीचे ज्ञान नव्या सत्ताधाऱ्यांना परिचित होते. मात्र ते स्वीकारण्याची सक्ती कोणावरही नव्हती.

आगीचा कायदा आणि १९०७ चा भूकंप

किंग्स्टनमध्ये डिसेंबर १८८२ मध्ये भीषण आग लागली. तिच्या पुढच्याच वर्षाचा, म्हणजे १८८३ चा, किंग्स्टन व सेंट अँड्र्यूचा बांधकाम कायदा पुढे शतकाहून अधिक काळ राजधानीतील बांधकामाचा आधार राहिला. इतर भागांसाठी पॅरिश परिषदांचा बांधकाम कायदा विसाव्या शतकाच्या आरंभी अस्तित्वात आला. पॅरिश म्हणजे जमैकातील स्थानिक प्रशासनाचा जिल्ह्यासारखा विभाग होय. वसाहतकालीन कायद्यांच्या प्रकृतीनुसार या कायद्यांचा भर नकाशाच्या मंजुरीवर व नगराच्या शिस्तीवर होता. आगीच्या आठवणी ताज्या असताना विटेची भिंत लाकडापेक्षा सुरक्षित वाटणे स्वाभाविकच होते.

१४ जानेवारी १९०७ रोजी दुपारी साडेतीनच्या सुमारास किंग्स्टनला भूकंपाचा धक्का बसला. विटांच्या भिंती कोसळल्या, पाठोपाठ आग लागली आणि ८०० ते १,००० माणसे मरण पावली. त्यानंतर विमा कंपन्या व मालमत्ताधारक यांच्यात न्यायालयीन वाद उभा राहिला. विम्याच्या करारांत भूकंपाची हानी वगळलेली असल्यामुळे आधी आग लागली की आधी धरणी हलली, हा त्या वादाचा गाभा होता. भिंत कोणी व कशी रचली, या प्रश्नाला त्यात स्थान नव्हते. नुकसान कोणाच्या खात्यावर टाकायचे याचा निवाडा करण्यास कायदा समर्थ होता, पण निष्काळजी बांधणीचा जाब विचारण्याची दृष्टी त्याला अद्याप आलेली नव्हती.

किंग स्ट्रीटवरील नव्या सरकारी इमारती पोलादी सळ्या घातलेल्या काँक्रीटच्या उभारण्यात आल्या. शासनाने स्वतःच्या इमारतींसाठी भूकंपाचा धडा घेतला होता, हे यावरून स्पष्ट होते. सामान्य जनता मात्र लाकडी फळ्यांच्या व जस्ती पत्र्यांच्या घरांतच राहत होती.

पत्र्याचे छप्पर आणि चक्रीवादळे

हलके घर भूकंपात तगते, पण वाऱ्यात त्याची परीक्षा होते. १७ ऑगस्ट १९५१ रोजी आलेल्या चार्ली चक्रीवादळात जमैकात दीडशेहून अधिक लोक मरण पावले आणि हजारो कुटुंबे बेघर झाली. शासनाने घरबांधणीसाठी चक्रीवादळ गृहनिर्माण संघटना ही स्वतंत्र यंत्रणा स्थापन केली. पुढील दशकांत काँक्रीटच्या ठोकळ्यांच्या भिंती सर्वत्र रूढ झाल्या, तरी अनेक घरांवर छप्पर मात्र पत्र्याचेच राहिले.

१२ सप्टेंबर १९८८ रोजी गिल्बर्ट चक्रीवादळ पूर्वेकडून पश्चिमेकडे संपूर्ण बेटावरून गेले. या आपत्तीत सुमारे ४५ माणसे दगावली. भिंती उभ्या होत्या, पण छपरे उडून गेली होती, असे दृश्य ठिकठिकाणी दिसले. छप्पर उडण्यामागील कारणे तांत्रिकदृष्ट्या साधी असतात. पत्र्याला पुरेसे खिळे नसणे, वासा भिंतीवरील तुळईला धातूच्या पट्टीने न जखडणे आणि छपराला योग्य उतार नसणे, ही ती कारणे होत. यांपैकी कोणतीही गोष्ट खर्चाने डोंगराएवढी नाही. परंतु घर पूर्ण झाल्यावर खिळे व पट्ट्या आच्छादनाखाली झाकल्या जातात. त्यामुळे त्या बसवल्या की नाहीत हे बांधणारा जाणतो, राहणाऱ्याला मात्र ते वादळातच कळते.

१९८३ : दोन दस्तऐवज

१९८३ हे वर्ष या संदर्भात अभ्यासनीय आहे. या वर्षी जमैकाची राष्ट्रीय बांधकाम संहिता तयार झाली, परंतु तिला कायद्याचे बळ मिळाले नाही. ती धोरणात्मक दस्तऐवज म्हणून राहिली आणि तिचे पालन ऐच्छिक ठरले. म्हणजेच गिल्बर्ट आले तेव्हा संहिता अस्तित्वात होती, पण तिचे बंधन नव्हते. प्रादेशिक पातळीवरही अशीच स्थिती होती. कॅरिबियन अभियंत्यांच्या संघटनांच्या परिषदेने पुढाकार घेऊन तयार केलेली कॅरिबियन एकरूप बांधकाम संहिता १९८५ मध्ये पूर्ण झाली, मात्र बहुतेक देशांत ती सक्तीची झाली नाही. याच प्रदेशातील ग्रेनाडात ७ सप्टेंबर २००४ रोजी आयव्हन चक्रीवादळाने सुमारे ९० टक्के घरांचे नुकसान केले, तेव्हा या उणिवेची किंमत स्पष्ट झाली.

त्याच १९८३ मध्ये जमैकात काँट्रॅक्टर-जनरल कायदा संमत झाला. शासकीय कंत्राटे निःपक्षपातीपणे दिली जातात की नाहीत यावर देखरेख ठेवणे हे या पदाचे काम होते. १९९९ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय कंत्राट आयोगाने शासकीय कामांसाठी कंत्राटदारांची नोंदणी व प्रतवारी सुरू केली. सार्वजनिक पैशाच्या रक्षणासाठी या व्यवस्था आवश्यकच होत्या. तथापि सामान्य कुटुंबाचे घर बांधणारा कंत्राटदार या कक्षेबाहेर राहिला. शासनाचा पैसा घेणाऱ्यावर नजर होती, पण गरिबाची पुंजी घेऊन छप्पर घालणाऱ्यावर नव्हती, असे येथे म्हणावे लागते.

हैतीचा इशारा

वादळाच्या भीतीने काँक्रीटच्या जड स्लॅबकडे वळणे हा एक मार्ग असतो. त्याचा धोका शेजारच्या हैतीच्या इतिहासात दिसतो. १७७० च्या भूकंपानंतर तेथील फ्रेंच प्रशासनाने पोर्ट-ओ-प्रिन्समध्ये दगड-विटांच्या बांधकामास मनाई करून लाकडी बांधकामाचा आग्रह धरला होता. कालांतराने ती स्मृती पुसली गेली. वादळे व आगी यांच्या अनुभवातून काँक्रीटचे ठोकळे आणि जड स्लॅब हेच सुरक्षिततेचे प्रतीक बनले. १२ जानेवारी २०१० रोजी ७.० क्षमतेच्या भूकंपात पुरेशा सळ्यांविना उभारलेल्या याच इमारती लोकांवर कोसळल्या. ज्या एन्रिकियो–प्लान्टेन गार्डन भूभ्रंश पट्ट्याच्या परिसरात हा भूकंप झाला, तो पट्टा जमैकापर्यंत पोहोचतो. म्हणून हैतीचा अनुभव जमैकासाठी परका नाही. काँक्रीट स्वतः सुरक्षित किंवा असुरक्षित नसते. त्यातील सळ्या, मिश्रणाचे प्रमाण आणि काम करणाऱ्याचे ज्ञान यांवर सर्व अवलंबून असते.

२०१८ चा बांधकाम कायदा

दीर्घ चर्चेनंतर जमैकाच्या संसदेने संमत केलेला २०१८ चा बांधकाम कायदा २०१९ मध्ये अमलात आला. १८८३ पासून चालत आलेली जुनी चौकट त्याने मोडीत काढली. राष्ट्रीय बांधकाम संहितेला कायदेशीर आधार देणे, स्थानिक संस्थांना परवानगी व तपासणीचे अधिकार देणे आणि दंडाची तरतूद करणे, ही त्याची प्रमुख वैशिष्ट्ये होत. परंतु इतिहासाच्या दृष्टीने सर्वांत मोठा बदल वेगळाच आहे. बांधकाम व्यावसायिकांसाठी परवाना आणि त्यासाठी स्वतंत्र मंडळ यांची तरतूद या कायद्याने केली. येथे प्रथमच इमारतीच्या नकाशाबरोबर ती बांधणारा माणूसही कायद्याच्या नजरेत आला.

या कायद्याच्या मर्यादा सामाजिक वास्तवात आहेत. अनेक कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या अविभक्त राहिलेल्या कौटुंबिक जमिनीवर किंवा मालकी नसलेल्या जागेवर राहतात. जमिनीचा दस्त नसल्यास परवानगी मिळणे कठीण जाते आणि कर्जही मिळत नाही. मग जसजसा पैसा जमेल तसतशी एकेक खोली उभी राहते. पुढच्या मजल्याच्या आशेने वर सोडलेल्या सळ्या गंजत राहतात. अशा घराला कंत्राटदार नसतो. घरमालक, नातलग आणि ओळखीचा गवंडी मिळून ते बांधतात. परवान्याचा नियम त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही, आणि पोहोचलाच तर दंडाच्या रूपाने पोहोचण्याची भीती असते.

मेलिसा चक्रीवादळ

२८ ऑक्टोबर २०२५ रोजी मेलिसा चक्रीवादळ वेस्टमोरलंड पॅरिशमधील न्यू होपजवळ जमिनीवर आले, तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी सुमारे २९५ किलोमीटर होता. सेंट एलिझाबेथ पॅरिशमधील ब्लॅक रिव्हर या गावाची अपरिमित हानी झाली. तेथील रुग्णालयाचे छप्परही उडाले. जागतिक बँक व आंतर-अमेरिकी विकास बँक यांनी भौतिक हानीचा अंदाज ८.८ अब्ज अमेरिकी डॉलर, म्हणजे २०२४ च्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे ४१ टक्के, असा वर्तवला. अशा वेगापुढे उत्तम बांधणीचीही कसोटी लागते. म्हणून प्रत्येक पडझडीचे खापर बांधणाऱ्यावर फोडणे अन्यायाचे होईल. तथापि पुनर्बांधणीच्या घाईत गवंडी, सुतार व साहित्य यांची टंचाई निर्माण होते आणि नियम शिथिल करण्याचा मोह वाढतो. पुढील आपत्तीची बीजे अनेकदा याच काळात पेरली जातात.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात. पहिला, जमैकातील नियम बहुधा मागच्या आपत्तीला उत्तर देत आले आणि पुढची आपत्ती वेगळ्या स्वरूपात आली. दुसरा, सक्तीविना संहिता म्हणजे केवळ सल्ला ठरतो, हे १९८३ ते २०१८ या ३५ वर्षांनी दाखवून दिले. तिसरा, बांधणाऱ्याला उत्तरदायी धरल्याशिवाय संहिता छपराच्या खिळ्यापर्यंत पोहोचत नाही, पण केवळ दंडाने ती गरिबाच्या घरापर्यंतही जात नाही. त्यासाठी जमिनीचे दस्त, अल्प व्याजाचे कर्ज, गवंड्यांचे प्रशिक्षण आणि काम झाकले जाण्यापूर्वी होणारी तपासणी यांची जोड आवश्यक आहे. स्पॅनिश वसाहतकारांचे खोल रोवलेले खांब कोणत्याही कायद्याची देणगी नव्हते. ती बांधणाऱ्यांच्या अनुभवाची देणगी होती. हा अनुभव सर्वांत दुर्बल घराच्या बांधणीत उतरवणे, हेच यापुढील कायद्याचे खरे काम आहे.