तळटीप : 'मेस्ताची शाळा'

लेखकाने इथे वापरलेला 'मेस्ताची शाळा' हा शब्दप्रयोग गोव्याबाहेरच्या वाचकाला अडेल. पोर्तुगीज अमदानीत (1961 पर्यंत) गोव्यातल्या चर्चला जोडून चालणारी प्राथमिक शाळा म्हणजे 'एस्कोला पारोकियाल'. तिथला शिक्षक, 'मेस्त', हाच चर्चमधल्या गायकवृंदाचाही प्रमुख असे. मुलांना अक्षरओळख आणि धर्मशिक्षण तर मिळेच. पण दो, रे, मी, फा ही स्वरलिपी वाचायला शिकवत, एकत्र गाऊन घेत आणि हाती व्हायोलिन देत. शेतकऱ्याचा, रेंदेराचा (ताडी काढणाऱ्याचा) मुलगाही कागदावरचे सूर पाहून गाऊ शके. मला या शाळांचे सर्वांत मोठे देणे हेच वाटते. मेस्ताचा धाक कडक होता, हे खरे. तरी कान, गळा, बोटे आणि बुद्धी यांना एकाच तासाला कामाला लावणारे दुसरे शिक्षण त्या खेड्यांत नव्हते.

मुंबईच्या चित्रपटसंगीतातले अनेक गोमंतकीय वादक याच वळणाचे. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांचे वडील तिथल्या चर्चचे गायकवृंदप्रमुख होते. पुढे संगीतकार प्यारेलाल अँथनींकडे व्हायोलिन शिकले. मेस्ताच्या या शिकवण्यात एक तत्त्वही होते. मुलाच्या शरीराचा, नीतीचा आणि बुद्धीचा विकास सुसंवादाने व्हावा, असे कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने शिक्षणविषयक घोषणापत्रात म्हटले ते 1965 साली. मेस्त ते त्याआधी कितीतरी वर्षे, कुठलेही घोषणापत्र न वाचता, करत आला होता. प्रकरण सहामधला व्हायोलिनचा प्रसंग याच संदर्भात वाचावा.