गणित चुकले की भाषा अडली?

एखाद्या मुलाला न येणाऱ्या भाषेत गणित घातले आणि त्याचे उत्तर चुकले, तर त्यावरून काय समजायचे? त्याला गणित येत नाही, की प्रश्नच कळला नाही? हा साधा भेद करायला अमेरिकेतल्या शाळांना न्यायालयाने भाग पाडले.

कॅलिफोर्नियात घरी स्पॅनिश बोलणाऱ्या काही मुलांची बुद्धिमापन चाचणी इंग्रजीतून घेतली गेली आणि त्यांना ‘मतिमंद’ ठरवून वेगळ्या वर्गात बसवले गेले. ‘डायना’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खटल्यात १९७० साली तडजोड झाली. अशा मुलांची चाचणी त्यांच्या मातृभाषेतूनही घ्यायची, असे ठरले.

त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोतही दावा दाखल झाला. तिथे इंग्रजी न येणारी सुमारे १,८०० चिनी मुले कोणत्याही खास मदतीविना शाळेत बसत होती. इतरांना मिळते तेच यांनाही मिळते, असे म्हणून खालच्या न्यायालयांनी दाद दिली नाही. जानेवारी १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘लाउ विरुद्ध निकोल्स’ खटल्यात हा निर्णय फिरवला. भाषाच कळत नसेल, तर तेच पुस्तक आणि तेच शिक्षक देऊन समान वागणूक होत नाही, असा त्या निकालाचा आशय होता.

मदत करायची म्हटल्यावर कुणाला कोणती, हे ठरवणे आले. म्हणजेच भाषेचे मोजमाप आले. इथे कॅनडातील अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ साली एक महत्त्वाचा भेद दाखवला. खेळताना, गप्पा मारताना लागणारे इंग्रजी मूल साधारण दोन वर्षांत उचलते. पण पाठ्यपुस्तकाची भाषा आत्मसात व्हायला पाच ते सात वर्षे लागू शकतात. मैदानावर फडाफडा बोलणारा मुलगा इतिहासाच्या तासाला गप्प का बसतो, याचा उलगडा शिक्षकांना यातून झाला.

जानेवारी २००२ मध्ये अमलात आलेल्या ‘नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड’ कायद्याने अशा मुलांची दरवर्षी भाषाचाचणी सक्तीची केली. ऐकणे, बोलणे, वाचणे, लिहिणे यांचा वेगवेगळा अंदाज घेणे आले. २०१५ च्या नव्या कायद्यानेही ती चाचणी कायम ठेवली.

पण वर्षातून एकदा येणाऱ्या गुणपत्रिकेवर रोजचा तास चालत नाही. मूल तोंडी उत्तर देते पण लिहिताना अडते, हे कळले, तर शिक्षक आधी चर्चा घेतात, नवे शब्द फळ्यावर मांडतात, वाक्याची सुरुवात करून देतात आणि मगच वही उघडायला सांगतात. मुलाला कुठल्या वर्गात बसवायचे एवढेच सांगणारी चाचणी अर्धवट आहे. उद्याच्या तासाला त्याला काय शिकवायचे, हेही तिने सांगायला हवे.