गोंधळापासून भोंग्यापर्यंत

परभणी जिल्ह्यातील गायनाचा इतिहास सांगताना गोंधळ्यांची, शाहिरांची व कव्वालांची नावे आदराने घेतली जातात. परंतु त्यांचा कंठस्वर मैदानातील अखेरच्या श्रोत्यापर्यंत नेण्याची तजवीज कोणी व कशी केली, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही, आणि माझ्या मते त्यावाचून तो इतिहास अपुरा राहतो.

विद्युद्यंत्रे येण्यापूर्वी ही तजवीज कलेच्या रचनेतच अंतर्भूत होती. परभणीच्या राजारामभाऊ कदमांनी ज्या गोंधळाची कीर्ती वाढविली, त्यात मुख्य गोंधळी आख्यान लावतो, संबळ आपल्या तीव्र नादाने उघडे अंगण भरून टाकतो, तुणतुणे स्वराचा आधार सोडीत नाही आणि साथीदार ओळीचा शेवट उचलून धरतात, त्यामुळे रात्रभर गाणाऱ्या कंठाला मधूनमधून विसावा मिळत जातो.

मोठ्या मैदानाचा प्रश्न निजामी अमलात फारसा उद्भवलाच नाही, कारण त्याआधी इजाजतीचा प्रश्न उभा राही. १९२९ च्या ‘गश्ती निशाण ५३’ने सभासंमेलने सरकारी परवानगीच्या कचाट्यात आणली, आणि १९३७ साली परतूर येथे, जे तेव्हा याच जिल्ह्यात होते, हैदराबाद संस्थानातील मराठी भाषकांच्या महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले ते याच दडपणाखाली. जेथे माणसे जमविण्यासाठीच सरकारदरबारी अर्ज करावा लागतो, तेथे जमलेल्यांना ऐकविण्याचा धंदा रुजणार कसा? सप्टेंबर १९४८ मध्ये ती राजवट संपली, आणि म्हणूनच येथील भोंग्याचा इतिहास मी सभास्वातंत्र्याच्या इतिहासापासून वेगळा काढू इच्छीत नाही.

अमेरिकेत जेन्सन व प्रिडॅम यांनी १९१५ मध्ये सिद्ध केलेला ध्वनिवर्धक गावोगाव पोचला तो पुढे, भोंग्याच्या रूपाने. १९४० साली दिल्लीत स्थापन झालेल्या आहुजा कंपनीचे नाव अशा कितीतरी यंत्रांवर वाचावयास मिळते. कर्ण्याच्या आकारामुळे अल्प शक्तीतही आवाज दूर जाई, म्हणून विजेची तार न पोचलेल्या गावी मोटारीच्या बॅटरीवरही काम भागे. परंतु भोंगा बांधणे हे हमालीचे काम नव्हते. त्याचे तोंड माईककडे वळले की शिट्टी सुरू होई, म्हणून तो मंचाच्या पुढे, उंच बांबूवर श्रोत्यांकडे तोंड करून बांधावा लागे. पण तसे केले की गायकाला स्वतःचाच आवाज नीट ऐकू येत नसे. शिवाय भोंगा मधले व उंच स्वर स्वच्छ फेकतो आणि खर्जाचा गाभा गाळून टाकतो, त्यामुळे ढोलकीची थाप पोचे, तिची घुमक मात्र हरवे. एकाच माईकवर गायक, कोरस, पेटी आणि ढोलकी यांना कोणी किती अंतरावर बसावे हे ठरवून देणारा माईकवाला, माझ्या दृष्टीने, त्या मैफलीचा अर्धा संगीतनियोजकच होता.

लोककवी वामनदादा कर्डकांच्या गीतांनी भारावलेल्या गायनपार्ट्यांना आंबेडकर जयंतीच्या विराट समुदायापुढे उभे राहण्याचे सामर्थ्य याच सामग्रीने दिले. बेंजोचा धारदार स्वर त्या मंचावर इतका शोभला याचे एक कारण, मला वाटते, तो भोंग्यातून अविकृत बाहेर पडतो हेही असावे. शाह तुराबुल हक यांच्या दर्ग्याच्या उरुसात, जो दरवर्षी फेब्रुवारीत परभणीस भरतो, कव्वालीच्या टाळ्यांना व तानांना भोंग्याची हीच कसोटी लागे.

आता मिक्सर आले, खर्जाचे प्रचंड पेटारे आले, आणि २००० सालच्या ध्वनिप्रदूषणविषयक नियमांनी रात्री दहानंतर उघड्या मैदानातील ध्वनिवर्धकांवर बंधन घातले, जे लोकांच्या झोपेचा विचार करता योग्यच आहे. भोंग्याच्या काळात माईकवाल्याचे काम केलेले वृद्ध कारागीर ज्यांच्या ओळखीचे असतील, त्यांनी या कारागिरांची बांधणीची रीत, बैठकीचे हिशेब आणि साथ दिलेल्या गायकांची नावे त्यांच्याच तोंडून ऐकून आता लिहून ठेवावीत.