आधी रूळ, मग सीमा : ताप्ती लाईन आणि आपण

पांडेसऱ्यात आपली तिसरी पिढी वाढते आहे. शाळेत, नोकरीत, कधी शेजारीसुद्धा मुलांना विचारतात, "तुम्ही मूळचे कुठले?" मुले नंदुरबार, अमळनेर, शिंदखेडा अशी नावे सांगतात आणि ऐकणारा समजतो की ही मंडळी बाहेरून आली. या प्रश्नाचे खरे उत्तर उधना जंक्शनहून पूर्वेकडे जाणाऱ्या रुळांत आहे.

सुरत आणि खानदेश यांचे नाते रेल्वेच्याही आधीचे. मोगल काळात सुरत बंदरावर उतरलेला माल व्यारा, नवापूर, नंदुरबार, थाळनेर या वाटेने बुऱ्हाणपूरला जाई. इंग्रज राजाचा वकील सर टॉमस रो १६१५ साली याच वाटेने गेला. पुढे पिलाजीराव गायकवाडांनी सोनगडला ठाणे केले. बडोद्याच्या आधी गायकवाडांची गादी तिथेच होती. सोनगड आणि व्यारा हे भाग १९४९ पर्यंत बडोदे संस्थानातच राहिले. म्हणजे सुरतेहून खानदेशात जाणारा माणूस वाटेत मराठी राजाच्या मुलखातूनच जात असे.

सुरतेला आगगाडी आली १८६० साली, बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेची. त्याच दशकात ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीचे रूळ जळगाव-भुसावळला पोहोचले. मधला तापीकाठ मात्र बैलगाडीच्याच भरवशावर राहिला. अमेरिकेतील यादवी युद्धानंतर खानदेशच्या कापसाला परदेशी बाजार माहीत झाला होता, पण माल स्टेशनपर्यंत नेण्यातच शेतकऱ्याचे दिवस जात. ही अडचण व्यापाऱ्यांनी हेरली. मुंबईच्या किलिक निक्सन कंपनीच्या व्यवस्थापनाखाली ताप्ती व्हॅली रेल्वे कंपनी उभी राहिली आणि १९०० सालापर्यंत सुरत ते अमळनेर हा सुमारे १५५ मैलांचा ब्रॉडगेज मार्ग तयार झाला. अमळनेर ते जळगाव हा तुकडा ग्रेट इंडियन पेनिन्सुलाने बांधला. मालक ताप्ती व्हॅली कंपनी असली तरी गाड्या चालवायचे काम बॉम्बे-बरोडा कंपनीकडे होते. १९४२ साली सरकारने ही लाईन विकत घेतली आणि १९५१ साली पश्चिम रेल्वे स्थापन झाल्यावर ती तिच्यात आली. त्यामुळेच अमळनेर आणि नंदुरबार ही स्टेशने महाराष्ट्रात असूनही भुसावळला न जोडता आजही पश्चिम रेल्वेच्या मुंबई विभागात आहेत.

रुळांमागे कारखाने आले. लाईनीवरच्या गावांत जिनिंग-प्रेसिंग उभे राहिले. अमळनेरला प्रताप शेटजींची कापड गिरणी निघाली. १९४५ साली तिथेच वनस्पती तुपाचा एक कारखाना सुरू झाला, तोच पुढे विप्रो झाला. तरीही कापूस पिकवणाऱ्या मुलखात कापडाच्या गिरण्या मोजक्याच राहिल्या. शेती पावसावर होती, आणि एक-दोन वर्षे पाऊस चुकला की घरातल्या एकाला तरी बाहेर पडावे लागे. १९७२ चा दुष्काळ पाहिलेले आपल्या वस्तीतले वडीलधारे हे वेगळे सांगायला नकोत.

बाहेर म्हणजे कुठे, याचे उत्तर रुळांनीच दिले होते. सुरतेत जरीच्या जोडीला कृत्रिम रेशमाचे पॉवरलूम वाढले. १९६२ साली गुजरात औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि पुढे पांडेसऱ्याच्या वसाहतीत डाइंग-प्रिंटिंगच्या मिली उभ्या राहिल्या. खानदेशकडून येणाऱ्या गाडीला सुरतेच्या आधी उधना लागते. माणूस तिथे उतरे, गावच्याच कुणाच्या खोलीवर वळकटी टाकी आणि दुसऱ्या दिवसापासून लूमच्या खात्यात नाहीतर मिलमध्ये पाळीला लागे. उधना, लिंबायत, दिंडोली, पांडेसरा, भेस्तान या आपल्या वस्त्या नकाशावर पाहा. सगळ्या या स्टेशनाच्या आसपासच आहेत. कापूस नेण्यासाठी घातलेली लाईन शेवटी माणसे आणू लागली.

आता सीमेची गोष्ट. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र आणि गुजरात ही राज्ये झाली. तोपर्यंत सुरत आणि खानदेश एकाच मुंबई राज्यात होते आणि लाईन तर साठ वर्षे धावत होती. नवीन सीमा नवापूर स्टेशनातूनच गेली. फलाटाचा काही भाग महाराष्ट्रात, काही गुजरातेत. तिथल्या एका बाकावर दोन्ही राज्यांची नावे रंगवलेली आहेत आणि लोक गंमत म्हणून तिथे फोटो काढतात. आपल्यासाठी तो बाक गमतीपुरता नाही. आपल्या घराण्यांची कहाणी त्या बाकाच्या दोन्ही टोकांना आहे.

शंभराहून अधिक वर्षे हा मार्ग एकेरी होता. समोरून गाडी यायची असेल तर आपली पॅसेंजर स्टेशनात उभी राही, आणि कानबाईला किंवा आखाजीला गावी निघालेली माणसे तेवढ्या वेळात शिदोरी सोडून बसत. डब्यात शिरल्यापासूनच अहिराणी सुरू होई. परतताना भरताची वांगी, कळण्याचे पीठ आणि नंदुरबारची मिरची सोबत येई. उधना-जळगाव या ३०६ किलोमीटरच्या मार्गाचे दुहेरीकरण आणि विद्युतीकरण पूर्ण होऊन १६ फेब्रुवारी २०१९ रोजी धुळ्याच्या कार्यक्रमात पंतप्रधानांनी तो राष्ट्राला अर्पण केला. त्याच दिवशी या मार्गाने धावणाऱ्या भुसावळ-वांद्रे खानदेश एक्स्प्रेसलाही हिरवा झेंडा मिळाला. गाडीचा वेग वाढला, पण गावी जाणारी माणसे घराघरांत कमी होत चालली आहेत. आजी-आजोबा गेले की गावचे घर बंद होते आणि मुलांना स्टेशनांचा क्रमही आठवेनासा होतो.

ताप्ती लाईनचा इतिहास गुजरातच्या पुस्तकांत कडेला आहे आणि महाराष्ट्राच्या पुस्तकांतही कडेलाच. तो मधोमध आहे तो आपल्या घरांत. म्हणून सर्व कुटुंबांना विनंती, की आपल्या घरातून पहिल्यांदा सुरतेला कोण आले, कोणत्या साली, कोणत्या स्टेशनावरून गाडीत बसले आणि उधन्याला उतरल्यावर पहिली रात्र कुणाच्या खोलीवर काढली, एवढे एका कागदावर लिहून उत्सवाच्या दहा दिवसांत मंडपात आणून द्यावे. जुना पास, तिकीट किंवा फोटो असेल तर त्याची प्रतही द्यावी. वडीलधाऱ्यांना लिहिणे जमत नसेल तर नातवंडांनी लिहून घ्यावे.

म्हणजे पुढच्या वेळी कुणी "मूळचे कुठले?" असे विचारले, तर मुलांना सांगता येईल : आम्ही ताप्ती लाईनचे. सीमा आमच्यानंतर आली.

गणपती बाप्पा मोरया!