शिष्याकडून पराजय

सर्वत्र जय इच्छिणाऱ्या गुरूनेंहि शिष्याकडून मात्र पराजयच इच्छावा, असें आपल्याकडे पूर्वींपासून मानीत आले आहेत. असा एक पराजय १९७२ सालीं घडला, आणि तो घडला चंद्रावर!

अमेरिकेचे चंद्रयात्री बहुतेक वैमानिक होते. यंत्राची नाडी त्यांस अचूक कळे. दगड मात्र त्यांच्या लेखीं दगडच. १९६४ च्या मार्चमध्यें त्यांच्यांतील कांहींना ग्रँड कॅन्यनच्या प्रचंड दरींत नेण्यांत आलें आणि प्रत्यक्ष भूमीवरील त्यांच्या भूशास्त्राच्या अभ्यासास आरंभ झाला. तथापि वर्गांत खनिजांचीं नांवें घोकणें अनेकांस रुचेना. कॅलिफोर्नियांतील प्राध्यापक ली सिल्व्हर यांनीं निराळी वाट धरिली. १९६९ सालीं त्यांनीं जॉन यंग, चार्ल्स ड्यूक आदि चौघांस तेथील ओरोकोपिया नांवाच्या उजाड डोंगरांत नेलें. आधीं दुरून सारा प्रदेश न्याहाळावा. कोणता थर आधींचा, कोणता मागाहूनचा, याचा तर्क करावा. मगच हातोडा उचलावा. आणि दिसलें तें अशा शब्दांत सांगावें, कीं तो खडक न पाहिलेल्या माणसाच्याहि डोळ्यांपुढें तो उभा राहावा, असा हा पाठ होता. कारण चंद्रावरील हकीकत ऐकणारे शास्त्रज्ञ अडीच लाख मैलांवर बसणार होते!

१९७२ च्या एप्रिलमध्यें यंग आणि ड्यूक चंद्रावरील देकार्त नांवाच्या उंच प्रदेशांत उतरले. ही भूमि ज्वालामुखींनीं घडविली असावी, असें छायाचित्रांवरून बहुतेक भूशास्त्रज्ञांचें अनुमान होतें, आणि तशाच खडकांची अपेक्षा मनांत धरून हे दोघे तेथें गेले होते. परंतु जेथें जावें तेथें त्यांना आढळले ते आघातानें चुरडून पुन्हां सांधले गेलेले खडक. गुरूंचें मत राखण्यासाठीं त्यांनीं डोळ्यांस मुरड घातली नाहीं. जें होतें तेंच रेडिओवरून सांगितलें. पुढें त्यांनीं आणलेल्या सुमारें ९६ किलो नमुन्यांची प्रयोगशाळांत परीक्षा झाली आणि त्यांचें म्हणणें खरें ठरलें. हा प्रदेश ज्वालामुखींनीं नव्हे, तर अवकाशांतून कोसळलेल्या पाषाणांच्या आघातांनीं घडविला होता.

एक अनुमान ढासळलें, पण शिक्षण सफळ झालें. सिल्व्हरसारख्या गुरूंनीं या वैमानिकांना नुसतें उत्तर पढविलें असतें, तर चंद्रावरहि त्यांना ज्वालामुखीच दिसला असता.