गाव सुटलेल्यांचे वाङ्मय

कोकणातून, घाटावरून जो माणूस मुंबईच्या गिरणीत आला, तो एका दिवसात मुंबईकर झाला नाही. गावी गेला की लोक त्याला चाकरमानी म्हणत. मुंबईत तो गावकीच्या खोलीत पथारी टाकी नि खानावळीत जेवी. दोन्हीकडे पाहुणाच. आम्ही युनियनच्या कचेरीत वाचू लागलो, तेव्हा या पाहुणेपणाला शब्द देणारे दोघे आम्हांस भेटले.

अण्णाभाऊ साठे १९२० साली वाटेगावी जन्मले, लहानपणीच मुंबईस आले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांनी ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड रचली. तीत गावी राहिलेल्या मैनेचा विरह अखेरीस खंडित महाराष्ट्राचे दुःख होतो. घरच्या ताटातुटीतून हक्काचे मागणे उभे राहिले. १ मे १९६० रोजी मुंबई मिळाली. बेळगाव, कारवार राहून गेले.

नारायण सुर्व्यांना तर मागे वळून पाहायला गावच नव्हते. त्या पोरक्या मुलाला एका गिरणी कामगाराने वाढवले. त्यांच्या ‘ऐसा गा मी ब्रह्म’ (१९६२) या संग्रहात कामगार पाहुणा उरत नाही. नगरी आपलीच म्हणून बोलतो.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला. पुढे गिरण्या बंद पडल्या, त्यांच्या जमिनींवर मनोरे उठले. ज्यांनी मुंबई मागितली, त्यांतल्या कित्येकांना तिथे खोली राखता आली नाही.

म्हणून आम्ही म्हणतो, आपलेपणा जन्मगावाने नव्हे, घामाने ठरावा. आज दुरून आलेल्या मजुराला उपरा म्हणण्यापूर्वी आपण आपलीच ती छक्कड पुन्हा एकदा ऐकावी.